आई १, आई २, आई ३

पहिल्यांदा हे सांगून टाकते की मी चांगली खेळायचे. व्यसन सुटलेली माणसं बोलायला उभी राहिली की आधी नाक घासतात, आपण किती वाया गेलो होतो ते रंगवून सांगतात आणि ऐकणारे समाधानाने मान डोलावतात. माझ्याकडून ते होणार नाही. ऑनलाइन लढाईचा गेम होता आणि आमची चौघांची टोळी होती. इंदूरकडचा एक मेडिकलवाला, नागपूरची कॉलेजात जाणारी दोन भावंडं आणि डोंबिवलीची मी, अडतीस वर्षांची, एका मुलीची आई. समोरचा शत्रू दिसायच्या आधी मला त्याची पावलं ऐकू यायची. गवतातली वेगळी, लाकडी जिन्यावरची वेगळी, पाण्यातली वेगळी. मी नुसतं ‘लेफ्ट में दो, एक रुका है’ म्हटलं की बाकीचे तिघे न बघता डावीकडे बंदुका वळवायचे. ‘दीदी के कान’ हा आमच्या टोळीतला शब्दच झाला होता. माझ्या कानांचं कौतुक त्याआधी कुणी केल्याचं मला आठवत नाही. घरात ते कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या कामी यायचे.

आणखी एक. लोकांना वाटतं असलं व्यसन रात्रीचं असतं, पांघरुणात लपून करायचं. माझं भर दुपारचं होतं. नवरा कामावर, मुलगी शाळेत, भांडी घासलेली, ओटा पुसलेला. एक वाजता मी कानात हेडफोन घालायचे ते चार वाजता काढायचे. नंतर नंतर पाच. मग मुलगी बेल वाजवून दमायची आणि शेजारच्यांकडे जाऊन बसायची, तेव्हाही मी खेळतच असायचे. गेम मुळात तिचाच. तिच्या ऑनलाइन क्लासच्या दिवसांत फोनमध्ये सापडला, तेव्हा आहे तरी काय बघू आणि मग काढून टाकू म्हणून मी तो उघडला होता. ते बघणं तीन वर्षं चाललं.

आता कानांचं. ते मला आईकडून मिळाले. आमच्या आगरी लग्नात भटजी यायच्या आधीपासून धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद दळण्यापर्यंत आणि मुलगी निघेपर्यंत, प्रत्येक कामाचं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने धवला धरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. माझी आई चाळीस वर्षं धवलारीण. ठाकुर्लीजवळचं आमचं गाव आता चारी बाजूंनी टॉवरांमध्ये सापडलंय, पण लग्न ठरलं की लोक पत्रिका छापायच्या आधी आमच्या दारात यायचे. आईला लिहिता येत नाही. सगळा ऐवज गळ्यात. एका धवल्याला तासभर लागतो आणि त्यात ती कधी अडली, कधी ओळ मागेपुढे झाली असं कुणी सांगू शकत नाही. याचा तिला अभिमान होता, आणि ती तो लपवायची नाही. दुसऱ्या गावची धवलारीण वही घेऊन बसते हे कळल्यावर आई आठवडाभर हसत होती.

धवला शिकवत नाहीत. धवलारणीच्या मागे बसायचं आणि ओळ संपत आली की मागून उचलायची. मी सात वर्षांची असल्यापासून आईच्या मागे बसले. पुढे काय येणार हे मला माहीत नसायचं, पण आईचा श्वास कुठे तुटणार ते ऐकू यायचं आणि तिथे मी बरोबर पोचायचे. म्हणजे मला शब्द पाठ नव्हते, तिचा श्वास पाठ होता. हा फरक मला फार उशिरा कळला.

दोन वर्षांपूर्वी आईच्या घशात गाठ निघाली. वाईट नव्हती, पण काढायला हवी होती. आवाज परत पहिल्यासारखा येईल याची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. मी म्हटलं, आये, ऑपरेशनच्या आधी सगळं फोनमध्ये गाऊन ठेव. तर ती माझ्या अंगावर आली.

“मांडव नसता धवला गायाचा? त्यान सगल्या देवांना आवतन हाय. देव आले नि घरान लगीनच नाय, त काय सांगशील त्यांना? थट्टा करतस?”

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच रिक्षा करून माझ्या फ्लॅटवर आली, पिशवीत पाट, हळकुंडं, तांदूळ आणि दोन सुपाऱ्या. वॉचमनला सांगून सोसायटीच्या आंब्याची डहाळी मागवली. हॉलमधल्या टाइल्सवर पाट मांडला, डहाळी टीव्हीच्या स्टँडला बांधली आणि सुपाऱ्यांना हळद लावून म्हणाली, ही नवरी, हा नवरा, आता लाव तुझा फोन. तीन सकाळी तिने त्या सुपाऱ्यांचं लग्न लावलं, मांडवापासून पाठवणीपर्यंत, एक काम गाळलं नाही. मी मागे बसून उचलत होते. शेवटी तिने सुपाऱ्या लाल फडक्यात गुंडाळल्या आणि आपल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवल्या. “करू दे संसार,” म्हणाली.

तीन रेकॉर्डिंग्ज झाली. मी त्यांना नावं दिली: आई १, आई २, आई ३.

दादाच्या फोनवर पाठवायला गेले तर फाइल मोठी म्हणून गेली नाही. लाल खूण आली. नंतर बघू म्हटलं. तो पेन ड्राइव्ह घेऊन येणार होता, तो आला नाही, मीही आठवण केली नाही. ऑपरेशन झालं. आईचा आवाज गेला. म्हणजे अगदी मुकी नाही, पण जे उरलं ते नुसतं कुजबुजणं, शेजारच्या माणसालाही कळणार नाही असं.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी गेमचा नवा मोसम सुरू झाला. मोठा अपडेट होता. फोन म्हणाला, जागा नाही. एक वाजायला पंधरा मिनिटं होती, टोळी थांबली होती. मी सगळ्यात जड फायली कोणत्या ते काढलं. यादीत सगळ्यात वर ती तीन नावं होती.

इथे लोक माझी सोय करून देतात. चुकून झालं असेल, म्हणतात, घाईत बघितलं नसेल. मी बघितलं होतं. नावं मीच दिली होती, मीच वाचली. दादाकडे गेली असतील, असं मी मनाशी म्हटलं, आणि गेली नाहीत हे मला माहीत होतं. तिन्हींवर टिचकी मारली. कायमचं काढून टाकायचं का, असं फोनने विचारलं. मी हो म्हटलं. अपडेट उतरेपर्यंत चहा करून घेतला. त्या दिवशी आम्ही जिंकलो, हेही सांगते.

दोन महिने कुणाला काही कळलं नाही. मग आंबिवलीला आमच्या आतेबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. आईच्या मागे बसून मी शिकले आहे आणि फोनमध्ये सगळं आहेच, तेव्हा धवला मी धरायचा, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. एके दिवशी आई चहा घेता घेता कुजबुजली, “लाव ते. मना माझा गला ऐकू दे.”

तिने आयुष्यात कधी स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. ती बशी खाली ठेवून, पदर सावरून, फोनकडे तोंड करून बसली. मी फोनमध्ये शोधायचं नाटक केलं. किती वेळ केलं देव जाणे. शेवटी म्हटलं, आये, पुसलं गेलं.

“कोनी पुसला?”

“मी.”

“कला पुसला?”

“जागा नव्हती.”

तिने फोन हातात घेतला, उलटा करून बघितला आणि मला परत दिला. “यवऱ्याशा डब्यान जागा ती किती असनार,” म्हणाली आणि चहा प्यायली. तिला वाटलं, तिचाच धवला मोठा म्हणून मावला नाही. आणि मी तिला तसं वाटू दिलं.

मी दुसऱ्या दिवशी डोंबिवली स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने फोन यंत्राला जोडला, तासभर बसला आणि मान हलवली. “ताई, ते ज्या जागेवर होतं ना, तिथे दुसरं काहीतरी येऊन बसलंय. आता नाय निघणार.” काय येऊन बसलंय ते त्याने विचारलं नाही. रिक्षाने घरी आले, एक वाजला होता. आणि मी खेळायला बसले. ज्याला व्यसन म्हणतात ते एवढंच असतं. रडत रडत मी तिघांना सांगत होते, राइट में एक, जीने पे.

चौथ्या दिवशी वहिनी काही द्यायला आली होती. दार उघडंच राहिलेलं. तिने मागून सगळं बघितलं आणि संध्याकाळी दादाने मला आईच्या घरी बोलावून घेतलं. नवराही आला. फायली पुसल्याचं तिला आईकडून कळलं होतं, त्याचं आणि गेमचं गणित वहिनीनेच जुळवलं होतं, तिला डोकं आहे. दादा उभाच होता.

“फोन दे इकडे. आजपासून फोन नाय तुना. बाईमानसानी गेम खेलाचे, लोक शेण घालतील तोंडान.”

माझा हा दादा हळदीच्या दिवशी सकाळी अकरापासून खुर्च्यांच्या मागे ग्लास घेऊन बसतो आणि त्याला हाताला धरून जेवायला उठवावं लागतं. लोक त्याला हौशी म्हणतात. त्या खोलीत व्यसनावर बोलायला तो उभा राहिला आणि मी बसून ऐकत होते. राग आला, पण तोंड उघडायला मला जागाच नव्हती.

मग तो मुद्द्यावर आला. आंबिवलीच्या मांडवात मी अडले की लोक विचारणार. तेव्हा सांगायचं, आई म्हातारी झाली, ऑपरेशननंतर तिला आठवत नाही. आई विसरली. बस. कुणाला दुसरं काही कळायची गरज नाही.

मी आईकडे बघितलं. तिने मान हलवली. म्हणजे, हो. चालेल, असंच सांगा.

चाळीस वर्षं एक ओळ इकडची तिकडे न करणारी बाई, वहीवाल्या धवलारणीला हसणारी, ती लेकीसाठी पंचक्रोशीत विसरभोळी ठरायला तयार झाली होती. आणि तेसुद्धा असं, जणू भाजीत मीठ कमी असलं तरी चालेल म्हणतेय. मी म्हटलं, नाही. ते कुणी सांगायचं नाही. आणि फोनही मी देणार नाही.

“मग काय, खेलतच बसनार?” दादा ओरडला.

“नाही खेळणार. पण फोन माझ्या हातात राहील आणि मी खेळणार नाही. तू काढून घेतलास तर मी सोडलं असं कधीच होणार नाही. तू काढून घेतलास एवढंच होईल.”

दादाला हे आगाऊपणाचं वाटलं, नवऱ्यालाही थोडंसं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी एका बाबांचा पत्ता आणून दिला, बाहेरचं काही लागलं असेल म्हणून. मी तो पत्ता चुलीत घालणार होते, पण आमच्याकडे गॅस. फाडून टाकला. मला कुणी लागलं नव्हतं. मला जिथे कुणीतरी वाखाणलं तिथे मी जाऊन बसले होते, एवढीच गोष्ट होती, आणि ती निस्तरायला बाबा नको होता.

गेम मी सगळ्यांसमोर काढून टाकला. सोपं होतं, टिचकीचं काम. अवघड पुढे होतं. एक वाजला की हात कशाला तरी शोधायचे. घरात सगळीकडे पावलं ऐकू यायची, वरच्या मजल्यावर कोण चाललं, लिफ्टमधून कोण उतरलं, कोणत्या पायात चप्पल आहे. मी ओट्याला टेकून उभी राहायचे आणि घाम यायचा. मुलीवर वस्सकन ओरडायचे. सोळाव्या दिवशी टिटवाळ्याला नणंदेकडे गेले होते, बारशाला. तिच्या मुलाचा टॅब खाटेवर पडलेला. तो घेऊन मी त्यांच्या बाथरूममध्ये कडी लावून दीड तास खेळले. बाहेर बाळाचं नाव ठेवलं गेलं आणि आत मी होते. रिक्षात बसल्यावर नवऱ्याने काही विचारायच्या आधी मीच सांगितलं. तो म्हणाला, “मला माहीत होतं गं. म्हणजे आधीपासून. जेवण वेळेवर मिळत होतं म्हणून मी बोललोच नाय कधी.” त्या दिवशी मला त्याचा राग आला आणि तो मला आवडलाही.

त्यानेच ठाण्याच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर मिळवला. मी हात बांधून गेले. या बाईही प्रवचन देणार, असं धरून चालले होते. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि विचारलं, “खेळात तुम्हाला काय चांगलं यायचं?”

तीन वर्षांत हे मला घरातल्या एकानेही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ऐकू यायचं. त्या म्हणाल्या, मग ते काही गेममध्ये राहिलं नाही, ते तुमच्याबरोबर बाहेर आलंय. त्याला काम द्या, नाहीतर ते परत तिकडे जाईल. मी त्यांच्याकडे नंतरही पाचसहादा गेले, पण कामाचं ते एक वाक्य.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी आईच्या घरी गेले. म्हटलं, आये, मला सांग. सगळं पहिल्यापासून. मला ऐकू येतं.

ती नाही म्हणाली. सुपाऱ्यांचं लग्न लागलं होतं, त्यांचा संसार चालू होता, परत लावता येणार नव्हतं, आणि मांडवावाचून धवला नाही तो नाहीच. मी रडले, भांडले, ताट आपटलं. मग तिने मला जवळ बोलावलं, कान धरून तोंडाशी ओढला आणि कुजबुजली.

“ह्या काय गाना हाय? ह्या त पुटपुटना. देवालाच ऐकू नाय जाव्चा, त तो येल कसा?”

अशी तिने वाट काढली. पण अट घातली. तिने पुटपुटायचं, मी ऐकायचं आणि ओठ हलवायचे. मोठ्याने एक ओळ म्हणायची नाही. मोठ्याने म्हणायची ती थेट मांडवात.

सहा महिने आम्ही बसलो. एक ते चार. तेच तास, मुद्दाम. माझा उजवा कान तिच्या ओठांना लागलेला. बाहेर टॉवरचं काम चालू, सळया आपटतायत, मिक्सर फिरतोय, गल्लीतून भोंगा लावून भंगारवाला जातोय, आणि त्या सगळ्यातून मी तिचा तो तुटका वारा वेचत होते. दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. वहिनी दोनदा बसून बघून गेली, तिला फक्त फुसफुस ऐकू आली. मला शब्द ऐकू येत होते. लाकडी जिन्यावर कुणाची पावलं हे ओळखणारा कान होता तो, फुकट तयार झाला नव्हता. यात गेमचे उपकार आहेत का? असतील. मी ते नाकारत नाही आणि त्याबद्दल त्याला हारही घालत नाही.

मधे एकदा इंदूरवाल्याचा मेसेज आला. “दीदी आ जाओ ना, आपके बिना हम बहरे हो गए.” मी तो तीनदा वाचला. मग लिहिलं, भैया, मेरे कान घर में लगते हैं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. भला माणूस होता. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही.

मांडवाचा धवला सगळ्यात लांब. त्यात आधी देवांना आवतण जातं, मग गावाच्या शिवेला, मग खाडीला, मग मिठाच्या आगरांना, मग शेतांना, ज्यांच्यावर आता टॉवर आहेत. खाडीपर्यंत आई सरळ आली आणि तिथे तिचे ओठ थांबले. परत मागून सुरुवात केली. परत खाडीपाशी थांबली. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. तिने चार बोटं वर केली. चार ओळी आहेत. किती आहेत ते ठाऊक, मागचं पुढचं ठाऊक, त्या चार तेवढ्या येत नव्हत्या.

“गल्यातून येत होत्या,” ती कुजबुजली. “डोक्यान कवाच नव्हत्या.”

माझ्याही डोक्यात नव्हत्या. मी आयुष्यभर तिथे तिच्या श्वासावर चालले होते. त्या चार ओळी जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या, आई १ मध्ये.

दादा म्हणाला, कुठल्यापन चार जोड ना, कोनाला कलतंय. नाहीतर सरळ गाळ. खाडीवरून थेट आगरावर जा, उडी मार. लोक बिर्याणीची वाट बघत असतात, धवल्याची नाय. खरं सांगायचं तर त्याचं चूक नव्हतं. कुणालाच कळलं नसतं. पण मी त्या जागी काही बसवणार नव्हते. एकदा बसवलं होतं तेवढं पुरे होतं.

आंबिवलीला आम्ही सकाळी साडेआठला पोचलो. दारात मांडव उभा होता, उंबराची डहाळी आणून ठेवली होती. आई माझ्या मागे बसली. तीसेक वर्षं ती पुढे आणि मी मागे, त्या दिवशी उलट. बायांनी माझ्या हातात माइक दिला. समोरच्या खुर्च्यांवर दादा होता, ग्लास अजून आला नव्हता. डीजेवाला पेट्या तपासत होता, त्याला मी हातानेच थांब म्हटलं आणि तो थांबला. माझ्या आवाजाचं काय होणार ते मला ठाऊक नव्हतं, मी ती गाणी कधी पुढे बसून एकटीने म्हटलीच नव्हती.

धवला धरला. निघाला. देव झाले, शीव झाली. आवाज आईसारखा नव्हता, जाड होता, पण ओळी एकामागून एक येत होत्या आणि मागच्या बाया उचलत होत्या. मागे आईचा श्वास मला ऐकू येत होता, ती प्रत्येक ओळीला माझ्या आधी तिथे पोचून थांबत होती. खाडी झाली. आणि मी थांबले.

मागून आवाज आला. आई मांडीवर हात मारत होती. ठेका धरला होता तिने, त्या चार ओळींचा. एक ओळ गेली. दोन गेल्या. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. चौथी संपली आणि मी आगरांचं आवतण उचललं आणि शेवटपर्यंत गेले.

संपल्यावर नवरीची एक आत्या, तोंडाने फटकळ म्हणून गावभर ठाऊक असलेली, माझ्या खांद्यावरून मागे बघत हसून म्हणाली, “मधीच काय झाला गो? म्हातारी विसरली वाटतं.”

आईने मान हलवायला सुरुवात केली. दादा खुर्चीवरून अर्धा उठला होता, डोळ्यांनी मला सांगत होता, गप्प राहा. माइक माझ्या हातात होता आणि चालू होता.

“म्हातारी काय विसरली नाय,” मी म्हटलं. “तिने मला सगळं दिलेलं. त्या चार ओळी होत्या, तिथे मी गेम खेळत होती.”